सी ड्राइव्ह भरला आणि बॅकअपचं अपग्रेड अडलं: एका सर्व्हरचं प्रकरण

पार्श्वभूमी

मध्यम आकाराची एक संस्था. दोन हायपरव्हायजर होस्ट, म्हणजे एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणारे सर्व्हर, त्यांवर तीसेक व्हर्च्युअल मशीन, एक जुना डेटाबेस सर्व्हर आणि या सगळ्यांचा बॅकअप घेणारा एक स्वतंत्र सर्व्हर. ओळख पटू नये म्हणून संस्थेचं, माणसांचं आणि बॅकअप सॉफ्टवेअरचंही नाव इथे देत नाही. आकडे थोडे गोल केले आहेत. सॉफ्टवेअरचं नाव गाळल्याने फारसं काही बिघडत नाही. विंडोजवर चालणाऱ्या बहुतेक मोठ्या बॅकअप प्रॉडक्टची घडण सारखीच असते. मूळ प्रोग्राम, त्याच्या सर्व्हिस (मागे सतत चालणारे भाग), जॉब (ठरलेल्या वेळी चालणारी बॅकअपची कामं) आणि त्यांचा इतिहास ठेवणारा एक डेटाबेस, कुठल्या बॅकअपमध्ये कुठली फाइल आहे हे सांगणारा कॅटलॉग, लॉग (काय घडलं याच्या नोंदींच्या फाइली), आणि रिस्टोअरच्या, म्हणजे बॅकअपमधून परत आणण्याच्या, वेळी लागणारी तात्पुरती जागा.

बॅकअप सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २०१६ होतं. सी ड्राइव्ह म्हणजे दोन छोट्या एसएसडींची मिरर जोडी (दोन्हींवर तोच डेटा), वापरायला १२० जीबी. बॅकअपच्या फाइली ई ड्राइव्हवर, अनेक डिस्क जोडून बनवलेल्या मोठ्या रेड अ‍ॅरेवर, एकूण २० टीबी. सर्व्हर बसवताना इन्स्टॉलरने जे जे विचारलं त्याला ‘नेक्स्ट’ म्हटलेलं, त्यामुळे बॅकअपच्या फाइली सोडून बाकी सगळं सीवर. तेव्हा त्यात चूक काहीच नव्हती. पाच-सहा वर्षांत कॅटलॉग एवढा वाढेल असं कुणी धरलं नव्हतं, एवढंच.

आयटी विभागात माणसं दोन. एक वरिष्ठ अ‍ॅडमिन, बाई अनुभवी. आणि तिच्या हाताखाली एक तरुण सहकारी.

अपग्रेडचा विषय निघाला तो हायपरव्हायजरमुळे. होस्टवर नवी आवृत्ती चढवायची होती आणि बॅकअप सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती त्या नव्या हायपरव्हायजरला ओळखत नव्हती. म्हणजे आधी बॅकअप, मग होस्ट. हा क्रम उलटा झाला तर होस्ट नवा होतो आणि त्याच रात्री बॅकअप बंद पडतो. सहकाऱ्याने इन्स्टॉलर चालवून पाहिला, तर पहिल्याच तपासणीत तो थांबला: सी ड्राइव्हवर जागा अपुरी. सीवर ६ जीबी शिल्लक होती. वरून तिकीट, म्हणजे कामाची लेखी मागणी, आलं: ‘बॅकअप सॉफ्टवेअर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा आणि अपग्रेड करा.’

अडचण नेमकी कुठे होती

तिकिटातलं हे एक वाक्य या प्रकरणाचं मूळ आहे. त्यात दोन वेगळी कामं एका दमात सांगितली होती, आणि पहिलं काम चुकीच्या गोष्टीबद्दल होतं.

अ‍ॅडमिनने काही हलवायच्या आधी सी ड्राइव्हवर कोण किती जागा खातंय ते फोल्डरनिहाय मोजलं. विंडोज आणि त्याचे अपडेट ३४ जीबी. पेजफाइल (रॅमला पूरक म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) १६. कॅटलॉग ३१. रिस्टोअरची तात्पुरती जागा ११. लॉग ९. डेटाबेसची डेटा फाइल ७ आणि तिची ट्रान्झॅक्शन लॉग फाइल (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) ४. आणि ज्याला ‘सॉफ्टवेअर’ म्हणून हलवायचं होतं तो प्रोग्राम फोल्डर? २ जीबी.

प्रोग्राम हलवून २ जीबी सुटली असती, आणि तीही सहज नाही. विंडोजवर बसवलेला प्रोग्राम उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. सर्व्हिसचे मार्ग, नोंदवलेले घटक, पुढच्या अपग्रेडला लागणारी माहिती हे सगळं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, जुन्या मार्गाने लिहिलेलं असतं. काढून दुसऱ्या ड्राइव्हवर नव्याने बसवला तरी सामायिक घटक, प्रोग्रामडेटा फोल्डर आणि विंडोज इन्स्टॉलरने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती सीवरच येतात. कपाट जागेवरच राहू द्यायचं होतं, हलवायचं होतं ते त्यातलं सामान.

मोजणीत आणखी एक गोष्ट दिसली, जी तिकिटात नव्हतीच. बॅकअप सॉफ्टवेअरचा डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसवर होता. या मोफत आवृत्तीत एका डेटाबेसच्या डेटा फाइलींना मिळून १० जीबीची मर्यादा आहे (२००८ आर२ ते २०२२ या आवृत्त्यांत; त्याआधी ४ जीबी होती, २०२५ च्या आवृत्तीत ५० जीबी आहे). लॉग फाइल त्या मर्यादेत धरत नाहीत. डेटा फाइल ७ जीबीवर पोचलेली, म्हणजे ड्राइव्ह कितीही मोठा घेतला तरी दुसरी भिंत फार लांब नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

सी ड्राइव्ह वाढवणं. मिररमधल्या एसएसडी एकेक करून मोठ्या घालायच्या, रेड पुन्हा बांधला जाऊ द्यायचा, मग विभाजन वाढवायचं. ऐकायला सोपं. पण सीच्या लगेच पुढे विंडोजचं रिकव्हरी विभाजन बसलेलं होतं, आणि विंडोजला सी वाढवायला रिकामी जागा सीला चिकटूनच लागते. ते विभाजन हटवून पुन्हा बनवता येतं, लोक करतातही. पण दोनदा रेड बांधत असताना एका डिस्कवर चालणारा बॅकअप सर्व्हर, हा धोका अ‍ॅडमिनला फक्त जागेपायी नको होता.

सगळं ई ड्राइव्हवर नेणं. ही सूचना सहकाऱ्याची. ईवर ३.४ टीबी मोकळी होती, विकत काही घ्यायचं नव्हतं. यावर बरीच चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती, कारण पहिल्या नजरेत या सूचनेत काही खटकत नाही. खटकतं ते दोन ठिकाणी. रात्री ईवर मोठ्या फाइली सलग लिहिल्या जातात. त्याच डिस्कवर डेटाबेस आणि कॅटलॉगची बारीक, विखुरलेली वाचन-लेखनं घातली तर दोघंही रखडतात. आणि ई भरला, जो बॅकअपचा ड्राइव्ह असल्याने कधी ना कधी भरतोच, तर फक्त नवा बॅकअप थांबत नाही, डेटाबेसही थांबतो. मग जुने बॅकअप काढून जागा करायची तरी कशी, सॉफ्टवेअरच उघडत नाही. अ‍ॅरे गेला तर बॅकअप आणि त्या बॅकअपची ओळख दोन्ही एकदम जातात, हे आणखी वेगळं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात चांगला नकार हाच.

जंक्शन. फोल्डर दुसरीकडे हलवून जुन्या जागी नव्या जागेकडे बोट दाखवणारा दुवा ठेवायचा. प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. फोरमवर हा उपाय नेहमी सुचवला जातो आणि तो चालतोही, पुढच्या अपग्रेडपर्यंत. मोठं अपग्रेड अनेकदा जुनी आवृत्ती काढून नवी बसवतं. त्या वेळी इन्स्टॉलर दुवा पाळेल, तोडेल की दुव्यातून पलीकडे जाऊन खरा फोल्डर साफ करेल, हे विक्रेत्याने कुठे लिहिलेलं नव्हतं. आणि अपग्रेड तर दोन दिवसांवर होतं.

काढून दुसऱ्या ड्राइव्हवर नव्याने बसवणं आणि कॉन्फिगरेशन रिस्टोअर करणं. सगळ्यात स्वच्छ मार्ग. तो अडला एका बारीक गोष्टीवर. कॉन्फिगरेशनचा बॅकअप रोज ईवर ठेवला जात होता, पण एन्क्रिप्शन बंद ठेवून. एन्क्रिप्शन नसेल तर या सॉफ्टवेअरच्या कॉन्फिगरेशन बॅकअपमध्ये साठवलेले पासवर्ड येत नाहीत. जुन्या डेटाबेस सर्व्हरच्या सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड कुणाकडेच लिहिलेला नव्हता. तो फक्त सॉफ्टवेअरच्या पोटात होता. एन्क्रिप्शन त्याच दिवशी सुरू केलं गेलं, पण त्या रिस्टोअरवर सगळी भिस्त ठेवायची तयारी अ‍ॅडमिनची नव्हती.

नवा सर्व्हर. हार्डवेअर मिळायला वेळ लागणार होता. होस्टच्या अपग्रेडची तारीख ठरलेली होती.

निवडलं ते असं: सर्व्हरच्या दोन रिकाम्या खाचांत ४८० जीबीच्या दोन एसएसडी मिररमध्ये घालून डी ड्राइव्ह बनवायचा. प्रोग्राम सीवरच राहील. कॅटलॉग, लॉग, तात्पुरती जागा आणि डेटाबेसच्या फाइली, प्रत्येकाला सॉफ्टवेअरने किंवा एसक्यूएलने दिलेल्या अधिकृत मार्गाने डीवर न्यायचं. त्यानंतर त्याच जागी अपग्रेड.

आधी हलवायचं की आधी अपग्रेड?

विक्रेत्याच्या सपोर्टचं म्हणणं होतं आधी अपग्रेड करा. जुन्या आवृत्तीचा सपोर्ट संपलेला. हलवताना काही अडलं तर ते मदत करणार नव्हते. मुद्दा खरा होता.

अ‍ॅडमिनने उलटा क्रम धरला, तिचा हिशेब असा. फाइली हलवणं परत फिरवता येतं: जुन्या प्रती जागेवर असतात, मार्ग पुन्हा जुना लिहायचा. अपग्रेड परत फिरवता येत नाही: डेटाबेसची रचना एकदा नव्या आवृत्तीची झाली की जुना प्रोग्राम तो उघडत नाही. शिवाय ही रचना बदलताना ट्रान्झॅक्शन लॉग फुगतो. ६ जीबी शिल्लक असलेल्या ड्राइव्हवर अर्ध्या वाटेत जागा संपली, तर हाती ना धड जुनी आवृत्ती ना नवी. म्हणून जे उलटवता येतं ते आधी. आणि दोन्हींच्या मध्ये जुन्याच आवृत्तीवर किमान एक पूर्ण रात्र जाऊ द्यायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी काही बिघडलं तर ते हलवण्यामुळे की अपग्रेडमुळे हा वाद उरणार नाही.

दिवस निवडले आठवड्याच्या मधले, मंगळवार आणि गुरुवार, तेही दुपारी. शनिवार-रविवारची रीत तिने मोडली. जॉब रात्रीच चालतात, दिवसा बॅकअप सर्व्हर मोकळाच असतो, आणि अडलं तर फोन उचलणारी माणसं कामाच्या दिवशीच सापडतात. या निर्णयाची एक बाजू नंतर थोडी नडली. ते पुढे येईलच.

तयारी

इथे भराभर सांगतो, कारण यात नवीन काही नाही. फक्त ते झालं होतं, हे महत्त्वाचं. एक फाइल आणि एक पूर्ण व्हर्च्युअल मशीन खरोखर रिस्टोअर करून पाहिलं. डेटाबेसचा वेगळा बॅकअप काढला. सी ड्राइव्हची संपूर्ण प्रत विंडोज सर्व्हर बॅकअपने बाहेरच्या डिस्कवर घेतली, कारण ज्या सॉफ्टवेअरवर शस्त्रक्रिया होणार त्याच्याच हातात त्याचा बॅकअप ठेवण्यात अर्थ नसतो. जुन्या आवृत्तीचा इन्स्टॉलर जपून ठेवला. विक्रेत्याच्या साइटवर जुन्या आवृत्त्या कायम मिळतील याची खात्री नसते. नव्या आवृत्तीला नवी लायसन्स फाइल लागत होती, ती आधीच मागवली. बॅकअपच्या एन्क्रिप्शनचे पासवर्ड कागदावर, बंद पाकिटात.

एक बारकावा मात्र सांगण्यासारखा. जॉब बंद करण्यापूर्वी सहकाऱ्याने सगळ्या जॉबचा स्क्रीनशॉट घेतला. त्यात चार जॉब आधीपासूनच बंद होते, निवृत्त झालेल्या मशीनचे. काम संपल्यावर ‘सगळे सुरू करा’ केलं असतं तर तेही जागे झाले असते आणि दर रात्री चार चुका अहवालात आल्या असत्या. रोज चार चुका दिसायला लागल्या की माणूस पाचवी वाचत नाही.

मंगळवार: हलवणं

तात्पुरती जागा सर्वांत सोपी. सेटिंगमध्ये नवा मार्ग दिला, जुना फोल्डर रिकामा केला. लॉगचाही मार्ग बदलला. जुन्या लॉगमधल्या जड फाइली काढल्या, शेवटच्या आठवड्याच्या तिथेच राहू दिल्या, लागल्या तर असाव्यात म्हणून.

कॅटलॉगची सर्व्हिस थांबवून रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करणाऱ्या आज्ञेने परवानग्यांसकट फोल्डर डीवर आणला. तो फोल्डर नेटवर्कवर लपवलेल्या शेअरच्या रूपातही दिला जातो. ते शेअर त्याच नावाने नव्या जागेवर पुन्हा बनवावं लागलं. ही गोष्ट विक्रेत्याच्या कागदपत्रांत होती, एका टिपेत. जुन्या फोल्डरचं नाव बदलून ठेवलं. नाव बदलण्याचा फायदा असा की कुणी चोरून जुना मार्ग वापरत असेल तर ते लगेच उघडं पडतं.

डेटाबेसपाशी काम अडलं. एसक्यूएलला नवे मार्ग सांगितले, डेटाबेस ऑफलाइन घेतला, दोन्ही फाइली कॉपी केल्या आणि ऑनलाइन आणायला गेले तर तो ‘रिकव्हरी पेंडिंग’वर अडकला. त्रुटी: ऑपरेटिंग सिस्टीम एरर ५, अ‍ॅक्सेस डिनाइड.

“मॅडम, एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन बघू का? लगेच उठेल.”

“उठेल. पण मग तो काढायचा कोणी आणि कधी?”

(एव्हरीवनला फुल कंट्रोल म्हणजे त्या फाइलींवर सगळ्यांना सगळे हक्क.) अडण्याचं कारण साधं होतं. कॅटलॉग रोबोकॉपीने परवानग्या घेऊन आला, पण डेटाबेसच्या दोनच फाइली आहेत म्हणून त्या एक्सप्लोररमधून हाताने कॉपी केल्या गेल्या. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर अशी कॉपी केलेली फाइल जुन्या परवानग्या आणत नाही. नव्या फोल्डरच्या घेते. आणि नव्या फोल्डरवर एसक्यूएलच्या सर्व्हिसला काहीच हक्क नव्हता. ही सर्व्हिस एका आभासी खात्याने चालते, ‘एनटी सर्व्हिस’ने सुरू होणाऱ्या नावाच्या, परवानगी देताना हे खातं यादीत आपोआप दिसत नाही, नाव पूर्ण टाइप करावं लागतं. तसं करून फोल्डरवर हक्क दिले आणि डेटाबेस वर आला. जुन्या फाइली सीवर तशाच राहिल्या होत्या, त्यामुळे या सगळ्यात घाम फुटायचं कारण नव्हतं. परतीची वाट उघडी असली की माणूस एव्हरीवनला फुल कंट्रोल देत नाही.

त्या रात्री सगळे जॉब यशस्वी झाले, पण पहाटे संपणारे सकाळी कार्यालय उघडल्यावर संपले. डिस्क नवी, वेगवान, आणि काम हळू. अँटिव्हायरसला पूर्वी सांगून ठेवलेलं होतं की डेटाबेस आणि कॅटलॉगचे फोल्डर तपासू नकोस. ते सांगणं सीच्या मार्गांनी होतं. डीवर तो प्रत्येक फाइल इमानेइतबारे तपासत बसला होता. मार्ग बदलल्यावर पुढच्या रात्री वेळ पूर्ववत. मध्ये एक रात्र ठेवल्याचा हा पहिला लाभ. हलवणं आणि अपग्रेड एकाच दिवशी झालं असतं, तर ‘नवी आवृत्ती मंद आहे’ असा शिक्का बसला असता आणि सपोर्टकडे चुकीच्या दिशेने आठवडा गेला असता.

न वाजलेली घंटा

बुधवारी अ‍ॅडमिनने एक काम केलं, जे यादीत सगळ्यात शेवटी होतं आणि जे सहसा वेळेअभावी गळतं. एका चाचणी जॉबला मुद्दाम चुकीचा पासवर्ड देऊन तो पाडला, आणि इशाऱ्याची वाट पाहिली. इशारा आला नाही. मॉनिटरिंगच्या पडद्यावर त्या जॉबपुढे हिरवं.

कुणीतरी वर्षांपूर्वी लिहिलेली एक स्क्रिप्ट दर सकाळी सीवरच्या लॉग फोल्डरमधली सर्वांत ताजी फाइल उघडून त्यात यशाची ओळ शोधत होती. लॉग आता डीवर जात होते. सीवर शेवटच्या आठवड्याच्या फाइली राखून ठेवलेल्या, त्यांतली सर्वांत ताजी सोमवार रात्रीची, आणि सोमवारी सगळं सुरळीत झालं होतं. ती स्क्रिप्ट पुढचे कित्येक महिने सोमवारचंच यश सांगत राहिली असती.

बॅकअप पडणं आणि पडल्याचं न कळणं या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, याचं जाहीर उदाहरण गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या सेवेचं आहे. ३१ जानेवारी २०१७ ला तिथे चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली, आणि मग कळलं की रोजचा डेटाबेस बॅकअप होतच नव्हता: बॅकअप काढणारं टूल पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीचं चालत होतं, सर्व्हर ९.६ चा होता, टूल चूक देऊन थांबत होतं. त्या चुकीचे ईमेल डीमार्कच्या (ईमेल खरोखर त्याच पत्त्यावरून आलं का हे तपासणाऱ्या) नियमामुळे नाकारले जात होते. शेवटी कामी आली ती सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कारणासाठी घेतलेली प्रत. तिथेही सुरुवात आवृत्त्यांच्या विसंगतीपासूनच होती. हे सगळं त्यांनी स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केलं, त्यामुळे आपल्याला वाचायला मिळतं.

इथे स्क्रिप्टचा मार्ग बदलून थांबले नाहीत. तिला एक अट वाढवली: सर्वांत ताजी फाइल २४ तासांपेक्षा जुनी असेल तर तोही बिघाडच. चाचणी जॉब पुन्हा पाडला. या वेळी इशारा आला. मग सहकाऱ्याने शेड्यूल केलेल्या कामांत आणि स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये जुना मार्ग शब्दशः शोधला, तर आणखी एक गिऱ्हाईक सापडलं: कॉन्फिगरेशन बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर नेणारी छोटी बॅच फाइल.

गुरुवार: अपग्रेड

सीवर आता २५ जीबीच्या आसपास मोकळी होती, जुना कॅटलॉग आणि जुन्या डेटाबेस फाइली अजून तिथेच असूनही. इन्स्टॉलरची तपासणी पार पडली. सुरू करण्याआधी डेटाबेसचा आणि कॉन्फिगरेशनचा ताजा बॅकअप, जॉब बंद, इन्स्टॉलर सुरू. डेटाबेसची रचना बदलायला बराच वेळ लागला; त्या टप्प्यावर प्रगतीची पट्टी हलत नाही आणि खिडकी बंद करायचा मोह होतो. डीवर डेटाबेसची लॉग फाइल वाढताना दिसत होती, म्हणजे काम चालू होतं. तीच वाढ सीवर झाली असती तर काय, हा प्रश्न सहकाऱ्याने स्वतःच विचारला.

निर्णयाची खरी जागा अपग्रेड संपल्यावर आली. नवी आवृत्ती जुन्या बॅकअपच्या साखळीला (एक पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरचे फक्त बदलांचे, म्हणजे वाढीव, बॅकअप) पुढे जोडेल की प्रत्येक जॉबचा नवा पूर्ण बॅकअप घेईल? सगळ्यांचा पूर्ण बॅकअप म्हणजे ६ टीबी, आणि ईवर मोकळी ३.४. रिलीज नोट म्हणत होती, साखळी चालू राहते. अ‍ॅडमिनने तरी सगळ्यात छोटा जॉब एकटाच चालवला. तो वाढीव बॅकअप म्हणूनच झाला. मग मध्यम आकाराचा. मग बाकीचे रात्रीवर सोडले. त्याच संध्याकाळी अपग्रेडच्या आधी घेतलेल्या बॅकअपमधून एक मशीन नव्या आवृत्तीने रिस्टोअर करून पाहिलं. ही तपासणी लोक विसरतात. नव्या आवृत्तीने घेतलेलं नवी आवृत्ती वाचणारच, प्रश्न असतो तो जुन्याचा.

बॅकअप होणाऱ्या मशीनवरचे घटकही नव्या आवृत्तीचे करावे लागतात. ते आपोआप झाले, फक्त जुन्या डेटाबेस सर्व्हरवर रीस्टार्ट अडून बसला होता. तो दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दिला.

निष्पत्ती

शुक्रवारी सगळं हिरवं, आणि या वेळी हिरव्यावर विश्वास ठेवायला आधार होता. रविवारी दूरच्या ठिकाणी प्रत पाठवणारा साप्ताहिक जॉब पडला. पलीकडच्या सर्व्हरवरचा घटक जुन्या आवृत्तीचा होता. तो मुख्य सर्व्हरच्या यादीत येत नसल्याने आपोआप बदलला नव्हता. इशारा वेळेवर आला, पण रविवारी पाहणारं कुणी नव्हतं. सोमवारी तिकडचा घटक अद्ययावत करून प्रत पाठवली. आठवड्याची प्रत एक दिवस उशिरा, नुकसान शून्य.

दोन आठवड्यांनी जुना कॅटलॉग आणि जुन्या डेटाबेस फाइली पुसल्या. सीवर साठ जीबीहून जास्त मोकळी झाली. होस्टचं अपग्रेड ठरल्या तारखेला झालं. तिकीट बंद करताना अ‍ॅडमिनने लिहिलं की सॉफ्टवेअर हलवलेलं नाही, त्याचा डेटा हलवला आहे, आणि का. यावर वरून एकच प्रश्न आला: ‘मग डी ड्राइव्ह कशाला घेतला?’ तिने मोजणीचा तक्ता जोडून दिला.

काय वेगळं करता आलं असतं

जुन्या मार्गाचे वाचक शोधण्याचं काम हलवण्याच्या आधी व्हायला हवं होतं, नंतर नाही. स्क्रिप्ट, शेड्यूल केलेली कामं, अँटिव्हायरसचे अपवाद, मॉनिटरिंग: चारही ठिकाणी जुना मार्ग शोधायला अर्धा तास पुरतो. मंद गेलेली रात्र आणि मुकी घंटा दोन्ही त्या अर्ध्या तासात सापडल्या असत्या. इशाऱ्याची चाचणीही बदलाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा हवी. आधी केलेली नसेल तर नंतरच्या निकालाची तुलना कशाशी करणार?

मंगळवार ते गुरुवार हे अंतर रोजच्या जॉबना पुरलं, साप्ताहिक जॉबला नाही. हलवणं एका आठवड्यात आणि अपग्रेड पुढच्या आठवड्यात, सोमवारी किंवा मंगळवारी, असं केलं असतं तर मध्ये एक रविवार जुन्या आवृत्तीवर गेला असता. पण नव्या आवृत्तीवरच्या पहिल्या रविवारी जॉब तरीही पडलाच असता. त्यावर खरा उपाय म्हणजे अपग्रेडच्या दुसऱ्या दिवशी साप्ताहिक जॉब हाताने चालवणं. सगळ्या प्रकारच्या जॉबपैकी प्रत्येकी एक, माणसं हजर असताना.

नव्या सर्व्हरचा पर्याय घाईने बाद झाला, असं मला वाटतं. होस्टची तारीख दगडावरची रेघ नव्हती. महिनाभर पुढे ढकलली असती तर विंडोजही नवं मिळालं असतं. २०१६ चा वाढीव सपोर्ट जानेवारी २०२७ मध्ये संपतो, म्हणजे हेच काम पुन्हा करावं लागणार. अ‍ॅडमिनचं मत वेगळं आहे. तिच्या मते सगळ्या गोष्टी एकदम नव्या करणं म्हणजे पुन्हा तेच: दोनऐवजी चार बदल एका दमात.

एक्स्प्रेसच्या १० जीबीचा प्रश्न मिटलेला नाही. जॉबचा इतिहास किती काळ ठेवायचा ही मुदत कमी केल्यावर जुन्या नोंदी पुसल्या गेल्या, पण डेटा फाइलचा आकार ७ जीबीच दिसतो, कारण नोंदी गेल्या तरी फाइल आपोआप आकसत नाही. आत जागा रिकामी होते आणि नव्या नोंदी तिथे बसतात. आकसवण्याची आज्ञा मुद्दाम दिलेली नाही. आतली रिकामी जागा दर महिन्याला तपासली जाते, आणि ती १ जीबीखाली आली की मोठ्या आवृत्तीचा किंवा वेगळ्या डेटाबेसचा खर्च मांडायचा, असं ठरलं आहे.